मोरसला गेलेला माणूस : काळ्या पाण्यावर धाडलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा?

खाडीकाठ | १४ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी.

आमचं मूळ घर राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठावर. यंदा आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि आमच्या शाखेची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय. पहिल्या आवृत्तीत माझ्या खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे 'पारगाव येथे स्थलांतर' एवढंच छापलंय. घरात मात्र वेगळंच बोललं जायचं. आजोबा सांगायचे, त्यांना काळ्या पाण्यावर नेलं. कधी? सत्तावनच्या बंडात. कुठे? अंदमानात. कशासाठी? हे विचारलं की आजोबा उठून गोठ्यात जायचे.

मंडळातले काहीजण म्हणतात, 'सत्तावनच्या समरातले वीर' असं छापून मोकळे होऊ. मला ते पटत नाही. खरं असेल तर मान ताठ ठेवून छापू, पण आधी कागद हवा.

हे सगळं आत्ताच उकरून काढायचं कारण माझी मुलगी. ती पर्थला असते. तिच्या शेजारच्या बाईंचे पूर्वज इंग्लंडहून शिक्षा होऊन तिकडे आलेले. बाईंनी तिला संगणकावर अर्ध्या तासात त्यांचं जहाज, कोर्ट, गुन्हा, उंची, डोळ्यांचा रंग, दंडावरचं गोंदण, सगळं काढून दाखवलं. मुलीने रात्री फोन करून विचारलं, "बाबा, आपल्या माणसाचं जहाज कुठलं?" तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

माझ्या हातात दोनच धागे आहेत. एक, ट्रंकेत सापडलेला मोडी कर्जरोखा. त्यावर शके १७५७, मन्मथनाम संवत्सर असं स्पष्ट लागतं, खापरपणजोबांचं नाव लागतं आणि त्यांच्या नावापुढे 'अज्ञान' (म्हणजे अल्पवयीन) हा शब्द. 'पारगाव' हे त्याच कागदावरून आलेलं दिसतंय. दुसरा धागा आत्याकडून. तिचं वय ८८. आमच्याकडे पितृपक्षात पांढरी साखर चालत नाही, खिरीपासून सगळं गुळाचं. आत्या म्हणते, तिची आजी साखरेला 'मोरस' म्हणायची आणि पानं वाढताना पुटपुटायची, "मोरसनं आमचा माणूस खाल्ला."

पूर्वजाचं नाव इथे देत नाही, भाऊबंदांत अजून सगळ्यांचा होकार नाही. कुठून सुरुवात करू?

वेंगुर्ल्याचो_वारो | १४ जून, रात्री १०.३२

आमच्या वाडयेत पण एका घराक 'काळ्या पाण्याचे' म्हणतत. आजयेक इचारल्यार ती गप रवायची. धागो वाचतंय. फुडे लिवा.

मोडीवाचक | १५ जून, सकाळी ७.१०

खाडीकाठ, त्या कागदाचा सरळ उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढून मला निरोपातून पाठवा. फक्त 'अज्ञान'च्या मागची-पुढची दोन ओळी पुरेत.

जुनेकागद | १५ जून, दुपारी १.४५

मी बारा-तेरा वर्षं मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, न्याय खात्याचे खंड चाळतोय. तुमच्या पोस्टमध्येच एक उत्तर दडलंय, ते आधी सांगतो.

शके १७५७ म्हणजे इसवी १८३५-३६. त्या वर्षी तुमचे खापरपणजोबा अज्ञान होते आणि कागद त्यांच्या नावाने करावा लागला, म्हणजे वडील तेव्हाच घरात नव्हते. अंदमानची वसाहत सत्तावननंतर सुरू झाली. डॉक्टर वॉकर २०० कैदी घेऊन 'सेमिरामिस' जहाजाने पोर्ट ब्लेअरला उतरला तो १० मार्च १८५८ रोजी. त्याआधी १७९०च्या दशकात तिथे एक वसाहत करून पाहिली होती, ती रोगराईमुळे १७९६ मध्ये उठवली. मधली साठ वर्षं अंदमानात कोणाला पाठवतच नव्हते. तेव्हा तुमचा माणूस १८३५च्या आधी गेला असेल तर तो अंदमानचाही नाही आणि सत्तावनचाही नाही. आजोबा खोटं बोलत नव्हते. 'काळं पाणी' म्हटलं की पुढच्या पिढ्यांना अंदमानच आठवतं, आणि 'बंड' म्हटलं की सत्तावन.

मग कुठे? कंपनी सरकारने त्या काळात माणसं पाठवायची ठिकाणं बदलत नेली. बंगालचे कैदी आधी सुमात्रातल्या बेंकुलेनला, मग पिनांगला. १८१५ पासून मॉरिशसला, १८२५ पासून सिंगापूर-मलाक्याला, पुढे ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर. आपल्या मुंबई इलाख्याचे कैदी मॉरिशसला आणि पिनांग-सिंगापूरकडे गेले. मॉरिशसला पाठवणं १८३७ मध्ये थांबलं. तुमच्या आत्याच्या आजीचा 'मोरस' शब्द म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथून येणारी साखर ती मोरस.

आता पर्थच्या बाईंबद्दल. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० माणसं पाठवली. खास कैद्यांसाठी भाड्याने घेतलेली जहाजं, प्रत्येक जहाजाची नावनिशीवार यादी, जहाजावर डॉक्टर आणि त्याची रोजनिशी. ते कागद टिकले, त्यांच्या सूच्या झाल्या आणि २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटलावर त्यांची नोंद झाली. त्यांच्याकडे जहाजाचं नाव कळलं की माणूस सापडतो. आपल्याकडे उलटं आहे. मुंबईहून निघणारं जहाज बहुधा व्यापारी असायचं, मालाच्या गोण्यांबरोबर वीस-पंचवीस-पन्नास कैदी. त्यांची यादी जहाजाच्या नावाने बांधलेली नसते, ती एखाद्या सरकारी पत्राला जोडलेली असते. म्हणून आपण जहाजापासून निघायचं नाही. कोर्टापासून निघायचं, मग तुरुंग, आणि जहाज सगळ्यात शेवटी.

वाट साधारण अशी होती. जिल्ह्यात खटला, जन्मठेपेवर सदर फौजदारी अदालतीचं, म्हणजे इलाख्याच्या वरच्या फौजदारी कोर्टाचं, शिक्कामोर्तब. मग कैद्याला मुंबई-ठाण्याकडे आणायचं. ठाण्याच्या किल्ल्यातला तुरुंग पुढच्या काळातही काळ्या पाण्याच्या चलानांचा, म्हणजे एका खेपेला धाडायच्या कैद्यांच्या तुकड्यांचा, तळ होता, सावरकरांनाही १९११ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातूनच मद्रासला नेऊन 'महाराजा' बोटीवर चढवलं. मग सरकार जहाज बघणार, कप्तानाशी माणशी दर ठरणार, यादीच्या प्रती निघणार, आणि पलीकडच्या बेटावरून 'एवढे पोचले, एवढे वाटेत वारले' अशी पोच येणार. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे एक पत्र, आणि प्रत्येक पत्राला यादी लागलेली असू शकते. एका ठिकाणी वाळवी लागली तर दुसरीकडे तोच माणूस भेटतो.

एक खाचही लक्षात ठेवा. १८३० मध्ये रत्नागिरीचा दर्जा उतरवून उपजिल्हा केला होता, १८३२ मध्ये पुन्हा जिल्हा झाला. त्या दोन-तीन वर्षांचे कागद शोधताना फक्त 'रत्नागिरी' पाहू नका, 'दक्षिण कोकण', 'उत्तर कोकण', 'ठाणे' ही नावंही पाहा. मी यात दोन पावसाळे घालवलेत.

सोवळ्यातली_सुगरण | १५ जून, संध्याकाळी ६.२०

जुनेकागद, माहिती फार छान. पण साखरेवरून एवढी उडी मारू नका असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडेही श्राद्धाला पांढरी साखर चालायची नाही आणि आमचं कोणी काळ्या पाण्यावर गेलं नव्हतं. कारखान्याची साखर हाडांच्या कोळशाने शुभ्र करतात अशी बोलवा होती, म्हणून सोवळ्यात ती वर्ज्य. स्वदेशीच्या दिवसांत तर परदेशी साखर सोडायच्या शपथाच घेतल्या लोकांनी. गुळाच्या खिरीचा पुरावा धरू नये.

जुनेकागद | १५ जून, संध्याकाळी ७.०५

ताई, अगदी बरोबर. गुळाची खीर हा पुरावा नाही. पण 'आमचा माणूस खाल्ला' हे वाक्य सोवळ्याचं नाही. कुठला खंड आधी मागवायचा एवढं ठरवायला ते पुरेसं आहे. शिक्कामोर्तब कागदच करेल.

मोडीवाचक | १६ जून, सकाळी ८.००

फोटो मिळाला. खाडीकाठ, तुमच्या पहिल्या आवृत्तीतलं 'पारगाव' हे चुकीचं वाचन आहे.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. कारकून लेखणी न उचलता ओळ ओढत नेतो, त्यामुळे कुठे शब्द तोडायचा हे वाचणाऱ्यावर असतं. या ओळीत काना 'प'ला नाही, 'र'ला आहे. आणि शेवटचं अक्षर 'व' नाही, कान्यासकट 'दा' आहे. शब्द आहे 'परागंदा'. पूर्ण ओळ अशी लागते : अमुक बिन अमुक, अज्ञान, पालनकर्ती मातोश्री अमुक, पिता परागंदा.

हा कर्जाचा कागद आहे हे विसरू नका. बाप मेला असता तर सावकाराच्या कारकुनाने 'मयत' लिहून मोकळं व्हायचं, वारसावर कर्ज चढतं. त्याने तसं लिहिलं नाही. बाप जिवंत असू शकतो, पण इथे नाही आणि कधी येईल ते सांगता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

खाडीकाठ | १६ जून, रात्री ११.१५

मोडीवाचक, तुमचे कसे आभार मानू. हा कागद मी लहानपणापासून पाहतोय. आत्याला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

दरम्यान एका कार्यालयात जाऊन आलो (नाव लिहीत नाही). त्या सालांचे फेरिस्त (दप्तराच्या याद्या) वाळवीने संपले, असं उत्तर मिळालं. आता मुंबईलाच जातो. यादीत नाव कसं लिहिलेलं असेल? काय काय रकाने असतात?

जुनेकागद | १७ जून, दुपारी २.३०

आडनाव विसरा. १८२०-३० च्या याद्यांत ते क्वचितच सापडतं. स्वतःचं नाव, 'बिन', बापाचं नाव, जात, गाव. आणि तेही इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं. विठोजीचा 'विट्टूजी' होतो, भिवाचा 'भेवा', यशवंताचा 'एसवंत'. एकाच माणसाचं नाव एका पानावर एक आणि पोचपावतीत भलतंच. मी नाव मोठ्याने, खेड्यातल्या उच्चारात म्हणून बघतो, मग इंग्रजी स्पेलिंगमधून ते ऐकू येतं. आणि फक्त मुलाचं नाव पाहू नका, बापाचं आणि मुलाचं अशी जोडी शोधा. रामा शंभर मिळतील, अमक्याचा रामा एखाददुसरा.

रकाने साधारण असे : अनुक्रम, नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, कोर्ट, शिक्षेची तारीख, मुदत. खुणांचा रकाना सावकाश वाचा. पळालेला कैदी ओळखता यावा म्हणून सरकारने तो भरून घेतला, आज आपल्याला त्या माणसाचं शरीर दिसतं ते तेवढ्या एका रकान्यातूनच. देवीचे वण, कानाची भोकं, कोयत्याचा वार.

आणि 'डिट्टो'ला जपा. कारकून पानभर डिट्टोच्या खुणा करत जातो. मधल्या एका ओळीत बदल झालेला नजरेतून सुटला तर तुम्ही आपल्या माणसाला दुसऱ्याचा गुन्हा आणि दुसऱ्याची जात चिकटवून बसाल. बोट वर सरकवत मूळ शब्दापर्यंत जा, मागचं पान उलटावं लागलं तरी.

जहाज कधी सुटलं ते ताडायला त्या काळच्या 'बॉम्बे कुरियर'मधलं जहाजांच्या ये-जा करण्याचं सदर कामी येतं. टाउन हॉलमध्ये एशियाटिकच्या ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांची चौकशी करा.

पनवेलकर_७१ | १७ जून, रात्री ९.१०

वाचतोय. इथून जवळच शिरढोण, वासुदेव बळवंतांचं गाव. त्यांना एडनला नेलं, १८८३ मध्ये तिथेच गेले. मोठ्या माणसाचा माग राहतो. माझ्या आजोबांचे एक चुलते मात्र १९०० च्या आसपास अंदमानात गेले असं ऐकून आहे, खुनाच्या खटल्यात. त्यांच्यासाठीही हीच वाट का?

जुनेकागद | १७ जून, रात्री १०.००

नाही, तुमची वाट सोपी आहे. १८६२ पासून दंडसंहिता लागू झाली, त्यामुळे कलम लिहिलेलं सापडतं : खून ३०२, दरोडा ३९५, खुनासह दरोडा ३९६, राजद्रोही युद्ध १२१. अंदमानात कैद्याच्या गळ्यात लोखंडी कडीला लाकडी बिल्ला असायचा, त्यावरही कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख कोरलेली. पोर्ट ब्लेअरचे बरेच कागद १९४२ ते ४५ च्या जपानी अंमलात गेले, पण दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेची कार्यवाही आहे आणि त्यातलं पुष्कळ 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं. जिल्हा न्यायालयातला सत्र खटल्याचा क्रमांक मिळतो का तेही पाहा. वर्तनाचे अर्ज, सूट मागणारे अर्ज यांतही माणूस भेटतो. काही कैदी ठरावीक वर्षांनंतर तिथेच 'सेल्फ-सपोर्टर' म्हणून जमीन करून राहिले. तुमचे चुलते परत आले नाहीत म्हणजे वारलेच, असं धरू नका.

पोर्टलुईचा_प्रवासी | २१ जून, सायंकाळी ५.४०

नोकरीनिमित्त मी मॉरिशसला चार वर्षं होतो, म्हणून एक सावधगिरीचा शब्द.

तिथे मराठी माणसं आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, कॅस्काव्हेलच्या बाजूला विसर्जन पाहताना मला गुहागर आठवलं. पण ती मंडळी बहुतेक गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची वंशज. करार पद्धत १८३४ ला सुरू झाली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत, पुढच्या काळातल्यांची छायाचित्रंसुद्धा. कैद्यांची गोष्ट त्याआधीची आणि वेगळी. ते १८१५ ते ३७ या काळात गेले, सगळे मिळून दीडेक हजार, आणि त्यांचे कागद वेगळे, तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. मजुरांच्या वहीत आपलं गाव दिसलं म्हणून तो आपला कैदी असं होत नाही. मी दोन घरांना ही चूक करताना पाहिलंय.

कैद्यांनी तिथे काय केलं? रस्ते. पोर्ट लुईमधून बाहेर जाणारे रस्ते, पूल, डोंगरावरचा किल्ला. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन तिथे उतरला होता. त्याने हे कैदी पाहिले, तेव्हा सुमारे ८०० होते म्हणून लिहून ठेवलंय. सावळी कातडी, म्हाताऱ्यांच्या बर्फासारख्या पांढऱ्या दाढी-मिशा आणि डोळ्यांतली धग पाहून तो थक्क झाला होता. हिंदुस्थानातली माणसं एवढी रुबाबदार असतील अशी त्याला कल्पना नव्हती. बहुतेक खुनासारख्या गुन्ह्यांत आलेले, पण काही असेही की ज्यांचा दोष म्हणजे धर्मसमजुतीपायी इंग्रजांचा कायदा पाळला नाही एवढाच, हेही त्याने नोंदवलं. उरलेल्यांना १८५३ मध्ये मोकळं केलं. तोवर पुष्कळांची हयात तिथेच सरली होती.

खाडीकाठ, तुमचे गृहस्थ १८३६ ला जिवंत असतील तर त्या रस्त्यावरच्या लोकांत असतील.

रेवदंड्याची_लेक | २२ जून, सकाळी १०.१५

मला सारखी ती 'पालनकर्ती मातोश्री' आठवतेय. नवरा मेला नाही म्हणून ती विधवा नाही, आणि परत येणार नाही म्हणून सवाष्णही नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. म्हणजे तिने बारा वर्षं कुंकू लावलं असेल का? गावाला ठाऊक असताना? खाडीकाठ, कर्जरोख्यावर तिचं नाव आहे. तुमच्या कुलवृत्तांतात आहे का?

खाडीकाठ | २२ जून, दुपारी १२.४०

ताई, नाही. आत्ता उघडून पाहिलं. त्या पिढीतल्या एकाही बाईचं नाव नाही.

मोडीवाचक | ३० जून, सकाळी ७.३०

ताईंच्या प्रश्नावरून सुचलं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तुमच्या तीर्थोपाध्यांकडे चोपडी असेल. आलेला यजमान आपल्या हाताने वाडवडिलांची, भावांची, मुलांची नावं लिहून देतो. खापरपणजोबा मोठेपणी कधी गेले असतील तर त्यांनी बापाचं नाव कसं लिहिलं ते पाहा.

खाडीकाठ | ९ सप्टेंबर, रात्री १०.०५

धागा वर काढतोय. सापडले.

मुंबईला तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन्ही खेपांत नुसते खंड चाळले, रोज संध्याकाळी बोटं तपकिरी व्हायची. पानांच्या कडा हात लावला की भुगा होतात, म्हणून पान उलटताना श्वास रोखून धरायचो. १८३४ पासून मागे येत होतो, ते चुकलं. कर्ज मुलाच्या नावावर यायला काही वर्षं गेली असणार हे तिसऱ्या खेपेला डोक्यात आलं आणि १८३० चा खंड मागवला. त्यात मॉरिशसला पाठवायच्या कैद्यांबाबतचं पत्र आणि त्याला जोडलेली २७ जणांची यादी. अनुक्रम १९.

नाव मी दोनदा ओलांडून गेलो होतो. तिसऱ्यांदा जुनेकागद म्हणाले तसं हळू आवाजात, आत्याच्या बोलीत म्हटलं, आणि ते ऐकू आलं. बापाचं नाव जुळलं. गाव जुळलं, तेही तेव्हाच्या उच्चारात. जात जुळली. शिक्षा १८२९ ची, म्हणजे खापरपणजोबा तेव्हा पाळण्यात.

वय २६. उंची पाच फूट साडेतीन इंच. दोन्ही कान टोचलेले. उजव्या भुवईवर जखमेचा व्रण. डाव्या पोटरीवर भाजल्याची खूण. मुदत, जन्मठेप.

गुन्ह्याच्या रकान्यात डिट्टो. बोट वर नेलं, अठराला डिट्टो, सतराला डिट्टो, पान संपलं. मागचं पान उलटलं, तिथे सोळाव्या माणसापुढे लिहिलेलं : टोळी करून दरोडा, मारहाणीसह. सोळा ते एकोणीस चौघांचं कोर्ट एक, तारीख एक, गावं शेजारशेजारची. खटल्याचे कागद मिळाले नाहीत. कुणाच्या घरावर, का, खरंच हे होते की नाही, यातलं काही त्या यादीत नाही.

जहाजाचं नाव मुलीला कळवलंय. इथे मुद्दाम देत नाही. त्या नावावरून यादी निघते आणि उरलेली २६ माणसंही कुणाच्या तरी घरची आहेत. त्यांच्या जाती-गुन्ह्यांसकट ती मी चव्हाट्यावर मांडणं बरं नाही. कोणाला आपल्या घरचं शोधायचं असेल त्यांनी मला निरोप करावा, खंड क्रमांक देईन.

आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. चोपडीत खापरपणजोबांच्या हातची मोडी ओळ आहे. आजोबा-पणजोबांच्या नावामागे 'कैलासवासी' आहे. बापाच्या नावामागे काही नाही. आणि तेव्हा ते स्वतः चाळिशी ओलांडलेले होते.

घाटमाथा | १० सप्टेंबर, सकाळी ९.२५

शोधाबद्दल मनापासून अभिनंदन. पण स्पष्ट विचारतो, राग मानू नका. दरोड्याची शिक्षा झालेल्या माणसाची हकिगत कुलवृत्तांतात छापून काय साधणार? शाखेतल्या मुलामुलींची लग्नं जमायची आहेत. 'परागंदा' हा शब्द खोटा नाही. तेवढाच ठेवावा.

जुनेकागद | १० सप्टेंबर, दुपारी ३.१०

काळजी समजू शकतो. पण १८२९ चा 'दरोडा' हा शब्द आजच्या अर्थाने वाचू नका. पुरंदरच्या डोंगरांत त्याच सालांत उमाजी नाईक लढत होते, सरकारी कागदांत तेही दरोडेखोरच. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. याचा अर्थ खाडीकाठांचे पूर्वज उमाजी होते असा मुळीच नाही. कदाचित त्यांनी खरोखरच एखाद्या गरिबाचं घर फोडलं असेल. कागद वीरही म्हणत नाही आणि आतलं काही सांगतही नाही. जेवढं आहे तेवढं लिहावं, वर आपल्या पदरचा एक शब्द नको. मंडळाला 'सत्तावनचे वीर' छापायला चालत होतं, तो तर धडधडीत बनाव होता.

वेंगुर्ल्याचो_वारो | १० सप्टेंबर, रात्री ८.५०

माजा मत इचारशात तर छापा. गप रवान दोनशे वर्सां गेली. खाडीकाठनू, माका तो खंड क्रमांक व्हयो. आमच्या वाडयेतल्या त्या घराच्या पोराक सांगलंय, तो येवक तयार आसा.

खाडीकाठ | १० सप्टेंबर, रात्री ९.३०

वारो, निरोप पाठवलाय. त्याला म्हणावं, तुरुंग आणि कोर्ट आधी ठरवून जा.

घाटमाथा, राग कसला. हेच बोलणं आमच्या घरातही दोन रात्री चाललं.

खाडीकाठ | ४ ऑक्टोबर, रात्री ११.००

भाऊबंदांपैकी एक घर सोडून सगळ्यांचा होकार मिळाला. मंडळाला मजकूर दिला, तो असा : 'जन्म अंदाजे १८०३. १८२९ मध्ये दरोड्याच्या आरोपात जन्मठेप, मॉरिशस. पुढील वृत्त उपलब्ध नाही.' त्याखाली त्यांच्या पत्नीचं नाव, आणि 'शके १७५७ मध्ये अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून कर्जरोख्यावर नोंद.' रेवदंड्याच्या ताई, हे तुमच्यामुळे.

सर्वपित्रीला सगळे गावी जमलो होतो. यंदा एक पान जास्तीचं वाढलं. खीर गुळाचीच केली, आत्याने दुसरं काही करू दिलं नाही. जेवणं झाल्यावर मी तिला यादीचा उतारा पहिल्यापासून वाचून दाखवला. दरोड्याबद्दल ती काही बोलली नाही, जहाजाचं नावही तिने विचारलं नाही. "उंची किती म्हणालास?" एवढंच विचारलं. सांगितलं, पाच फूट साडेतीन इंच. इंच-फूट तिला कळेनात. मग मोजपट्टी आणून ओटीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली. आत्याने माझ्या धाकट्या पुतण्याला हाक मारली आणि रेघेखाली उभं केलं. तो दोन बोटं कमी भरला.

"चपला काढ आणि नीट टेकून उभा राहा," ती त्याला म्हणाली, आणि चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली.